कंबर आधी, खांदा नंतर

माणसाचं भवितव्य त्याच्या कमरेत असतं.

हे वाक्य एखाद्या जुन्या ग्रंथात भेटलं असतं तर मी त्याखाली पेन्सिलीने रेघ मारली असती. पण ते मी ऐकलं दिल्लीतल्या द्वारकेच्या पलीकडे, विमानतळाच्या कुंपणाला लागून असलेल्या गोल्फच्या सरावाच्या मैदानावर, सकाळी साडेसहा वाजता. ते उच्चारणारे निवृत्त सुभेदार त्या वेळी ब्रेड पकोडा खात होते. "साब, आदमी का सब कुछ कमर में है," असं म्हणून त्यांनी पुढच्याच श्वासात पकोड्यात मीठ कमी असल्याचं सांगितलं, आणि दोन्ही गोष्टी सारख्याच गांभीर्याने सांगितल्या.

त्यांच्यासमोर हिरव्या प्लास्टिकच्या चटईवर माझा मित्र उभा होता. वय सत्तावन्न पूर्ण, वर दहा महिने. हातात भाड्याचा क्लब, म्हणजे गोल्फची काठी, डोक्यावर कंपनीच्या वार्षिक संमेलनात मिळालेली टोपी. चेहऱ्यावर दाताच्या डॉक्टरकडे 'आ' करून बसलेल्या माणसाचा भाव.

हा मित्र आणि मी एकाच कंपनीत आहोत. कंपनी गाड्यांच्या ब्रेकचे भाग बनवते. इथला कारखाना फरीदाबादला, ऑफिस गुडगावला. तो क्वालिटी विभागाचा प्रमुख, मी कायदेशीर कागदपत्रं बघतो. दोघेही पुण्याचे, दोघेही द्वारकेत एकाच सोसायटीत राहतो आणि चार वर्षं एकाच गाडीने ऑफिसला जातो. एवढ्या काळात तो गोल्फ हा शब्द माझ्यासमोर एकदाच बोलला होता, तोही जमीन वाया जाण्याच्या संदर्भात.

मग नवे मोठे साहेब आले. ते दर शनिवारी गोल्फ खेळत. पाहता पाहता ऑफिसातल्या अर्ध्या वरिष्ठांच्या गाड्यांत गोल्फच्या पिशव्या दिसू लागल्या, आणि ज्यांना जिना चढताना धाप लागते ते सोमवारी एकमेकांना वाऱ्याच्या दिशेबद्दल विचारू लागले. त्यांच्यातल्या दोघांना निवृत्तीनंतर मुदतवाढ मिळाली. ती त्यांच्या कामामुळे मिळाली असण्याचीही शक्यता होती, पण हे कुणाला सुचलं नाही.

एका दुपारी चहाच्या मशीनपाशी साहेबांनी माझ्या मित्राला विचारलं, "आप गोल्फ खेलते हैं?"

मी शेजारीच होतो. 'नाही' एवढं म्हटलं की संपलं असतं. पण आम्हा पुणेकरांना 'मला येत नाही' हे वाक्य कुणी शिकवलेलंच नाही. आम्ही खोटंही बोलत नाही. आम्ही म्हणतो, 'हल्ली होत नाही.' पोहणं, संस्कृत, पेटी, फ्रेंच, सगळं आम्हाला पूर्वी येत होतं आणि हल्ली होत नाही.

"आजकल आदत छूट गई है, सर," मित्र म्हणाला.

"तो बस, आदत डालिए," साहेब खूश होऊन म्हणाले. तीन आठवड्यांनी जपानहून दोन ग्राहक येणार होते. शनिवारी त्यांच्यासोबत खेळायला चौथा माणूस हवा होता. "आप आ रहे हैं. बिल्कुल."

परतताना गाडीत मी त्याला म्हटलं, "उद्या सांग की पाठ धरलीय."

"नाही सांगता येत," तो म्हणाला.

डिसेंबरात त्याला अठ्ठावन्न पूर्ण होणार होती आणि नियमाप्रमाणे तो निवृत्त होणार होता. कंपनीचा फ्लॅट महिन्याभरात सोडावा लागणार होता, आणि तीन-चार महिन्यांसाठी घर भाड्याने कुणी देत नव्हतं. त्याने मार्चअखेरपर्यंत मुदतवाढ मागितली होती आणि अर्ज मोठ्या साहेबांच्या टेबलावर होता. त्याला नोकरीची हौस उरलेली नव्हती. त्याला मार्च हवा होता, कारण मुलगी बारावीला होती. त्याच्या बदल्यांपायी तिच्या पाच शाळा झाल्या होत्या. आठवीत ती इथे आली तेव्हा पहिले सहा महिने डबा एकटीच खात होती. हे तिने सांगितलं नव्हतं, शाळेच्या स्नेहसंमेलनात दुसऱ्या एका मुलीच्या आईने सहज सांगितलं होतं. त्या संध्याकाळी त्याने मुलीला शब्द दिला होता की आता शाळा बदलणार नाही.

"बारावीच्या मध्यात उचलून पुण्याला नेऊ का तिला?" सिग्नलला थांबलो असताना त्याने मला विचारलं.

म्हणून सुभेदारजी. त्यांनी लष्करात तीस वर्षं काढली होती, त्यातली निम्मी अधिकाऱ्यांच्या गोल्फच्या मैदानाची देखभाल करण्यात. आता ते सकाळी सहा ते नऊ या वेळात शिकवत. डोक्यावरून दर दोन-तीन मिनिटांनी विमान जाई, तेव्हा ते वाक्य जिथे असेल तिथे थांबवत, विमान गेलं की तिथूनच पुढे सुरू करत. घाई नावाची गोष्ट त्यांच्याकडे नव्हती.

त्यांचं म्हणणं साधं होतं. क्लब मागे, वर नेताना खांदे वळतात, पाठ जवळजवळ लक्ष्याकडे होते. इथपर्यंत सगळ्यांना जमतं. खरी परीक्षा खाली येताना. खाली येण्याची सुरुवात वरून करायची नाही. आधी वजन डाव्या पायावर, मग डावी कंबर मागे वळू द्यायची, आणि एवढं होईपर्यंत खांद्यांनी होते तसेच, पाठ फिरवून थांबायचं. कंबर पुढे गेली की खांदे, हात आणि क्लब आपसूक मागोमाग येतात.

"कंधा मेहमान है, साब," ते म्हणाले. "पहले घरवाले उठेंगे. मेहमान बाद में."

मित्राने मान डोलावली, क्लब वर नेला आणि पूर्ण ताकदीने खांदा आधी आणला. क्लब बाहेरून आडवा आला, चेंडू तिरका उडाला आणि उजवीकडच्या जाळीवर आपटला. दुसरा तसाच. तिसराही. चौथा चेंडू जागेवर राहिला आणि चटईचा एक तुकडा पुढे गेला.

"जोर बहुत है आप में," सुभेदारजी सांत्वन करत म्हणाले.

मला यात नवल वाटलं नाही. आमच्या घरांत पुरुषाने कंबर हलवण्याची पद्धत नाही. दिल्लीतल्या वराती बघा, सत्तरीचे आजोबाही ढोल वाजला की कमरेतून हलतात. आम्ही बाजूने टाळ्या वाजवत चालतो, आणि कुणी हाताला धरून आत ओढलंच तर खांदे दोनदा उडवतो आणि घाम पुसत बाहेर येतो. कंबर आम्ही पट्टा बांधायला वापरतो. सत्तावन्न वर्षं दहा महिने निव्वळ पट्ट्यासाठी ठेवलेल्या अवयवाला आता म्हणे पुढाकार घ्यायचा होता.

मित्र मात्र क्वालिटीचा माणूस. त्याने विषय हातात घेतला म्हणजे कागदावर घेतला. दुसऱ्या दिवशी त्याच्याकडे आकृत्या होत्या. माणसाची आकृती वरून पाहिलेली, दोन रेघा, एक कमरेची, एक खांद्यांची, आणि त्यांच्यामधला कोन. खाली सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: 'नितंबांचे भ्रमण प्रथम, स्कंधांचे अनंतर.'

चार-पाच दिवसांनी एका संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेलो तेव्हा मुलीच्या हातात तो कागद होता. "काका, स्कंध म्हणजे काय यार?" तिने विचारलं.

"खांदा."

"मग खांदा लिहायचं ना. बाबा एकदम सुपरहिरोसारखं लिहितो."

बाबा या वेळी बैठकीच्या खोलीत भिंतीला पाठ लावून, म्हणजे पाठ नव्हे, त्याखालचा भाग टेकवून उभा होता. हा सुभेदारजींनी दिलेला घरचा अभ्यास. मागे वळताना उजवा भाग भिंतीला लागला पाहिजे, खाली येताना आधी डावा. डावा भिंतीला लागेपर्यंत खांदा हलला तर चूक. हातात क्लबऐवजी छत्री होती, कारण क्लबने पंख्याला धोका होता.

"भावजी, तुम्ही तरी सांगा ह्यांना," वहिनी स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "चार दिवस झाले, भिंत पुसतायत. दिवाळीला रंग दिला असता तर आता बोंब मारली असती."

"अगं, सराव आहे."

"माहितीये सराव आहे. खालच्या मजल्यावरच्या सरदारनीने विचारलं, भाईसाब को खुजली हुई है क्या. तिला काय सांगू?"

मुलगी हसून जमिनीवर बसली. मग तिने फोन काढला आणि त्याचा संथ गतीचा व्हिडिओ घेतला. आम्ही तिघांनी माना एकत्र करून तो पाहिला. व्हिडिओत छत्री वर गेली, क्षणभर सगळं थांबलं, आणि मग उजवा खांदा असा पुढे झेपावला, जणू त्याची बस सुटत होती. कंबर तिथेच, भिंतीला टेकून, वाट बघत राहिली.

"बाबा, तुझा शोल्डर पहले जातोय," मुलगी म्हणाली. आता तिचा आवाज थट्टेचा नव्हता. "परत कर. मी बोलते, कंबर, असं बोलले की फक्त कंबर."

तिने पंधरा-वीस वेळा 'कंबर' म्हटलं. तो पंधरा-वीस वेळा खांद्याने उत्तर देत राहिला. शेवटी वहिनींनी तिला अभ्यासाला पिटाळलं, आणि आत जाताना ती म्हणाली, "हो जाएगा, बाबा. टेन्शन नको घेऊ." तिला मुदतवाढीचं सगळं ठाऊक होतं हे मला तेव्हा कळलं. मित्राला कळलं की नाही, माहीत नाही. तो छत्री खुंटीला अडकवत होता.

दुसरा आठवडा पहिल्यासारखाच गेला. धुरकं वाढलं, समोरची जाळी दिसेनाशी झाली, आणि चेंडू कुठे गेला हे आवाजावरून ओळखावं लागे. बहुधा जाळीच वाजे. सुभेदारजींनी सगळे उपाय केले. काखेत रुमाल धरायला लावला. क्लब बाजूला ठेवून चेंडू हाताने फेकायला सांगितलं. मित्राने फेकला, तो सुरेख गेला: पाय, कंबर, खांदा, हात, सगळं रांगेत.

"देखा? आता है आपको," सुभेदारजी म्हणाले. क्लब हातात दिला, रांग मोडली.

एकदा त्यांनी मलाही हाक मारली. मी कठड्यावर बसून वर्तमानपत्र वाचत होतो. नको नको म्हणत उठलो, क्लब वर नेला, खाली आणला. चेंडू धुरक्यात सरळ घुसला आणि जाळीचा आवाज आला नाही. सुभेदारजी मित्राकडे पाहणं टाळत म्हणाले, "इनको शनिवार को कहीं जाना नहीं है, इसलिए." मी परत कठड्यावर गेलो आणि वर्तमानपत्र उलटं धरल्याचं जरा उशिरा लक्षात आलं.

त्याच दिवशी मी सुभेदारजींना विचारलं की त्यांनी स्वतः पूर्ण खेळ किती वेळा खेळला. ते हसले. "हमने? साब, हमने तो घास काटी है. खेलते अफसर थे. हम पीछे खड़े होकर उनकी कमर देखते थे." ते सहज म्हणाले. तोवर विमान आलं, आणि विमान गेल्यावर त्यांना पुढे काही बोलायचं नव्हतं.

शेवटच्या गुरुवारी मित्र सरावाला आला नाही. गाडीत बसल्यावर त्याने वही माझ्या मांडीवर ठेवली. "बघ," म्हणाला.

त्याच्या विभागात एक पद्धत आहे. कारखान्यात एखादा भाग बिघडला की 'का?' असं पाच वेळा विचारायचं. पहिल्या उत्तरावर थांबायचं नाही, कारण पहिलं उत्तर नेहमी कुणातरी कामगाराचं नाव असतं. पाचव्या 'का'पाशी मूळ कारण सापडतं. दोन दशकं तो हे कारखान्यांतल्या पोरांना शिकवत आला. काल त्याने ती पद्धत स्वतःवर चालवली होती.

चेंडू उजवीकडे का जातो? क्लब बाहेरून आडवा येतो.

का? खांदा कमरेच्या आधी सुटतो.

का? चेंडू कुठे गेला हे बघायची घाई होते.

का? तो नीट जाणार नाही याची भीती वाटते.

पाचव्या 'का?' समोर एकच शब्द होता. बारावी.

मी वही मिटून त्याला परत दिली. आम्ही टोलनाक्यापाशी अडकलो होतो. एक माणूस मोबाइलची कव्हरं विकत काचेवर टकटक करत होता.

"मग?" मी विचारलं.

"मग काय. मूळ कारण कमरेत नाही. भिंत घासून काय होणार?" तो म्हणाला. "भाग बिघडलेला असताना वरून पॉलिश केलेलं मी कधी पास केलं नाही."

"म्हणजे काय करणार?"

"बघतो."

शनिवारी त्याला मीच सोडलं. गोल्फचं मैदान आणि त्याचं क्लबघर फरीदाबादच्या बाजूला, टेकडीच्या पायथ्याशी होतं. आत शिरताच दिल्ली बाहेर राहिल्यासारखं झालं: हिरवळ, बाभळीची झाडं, आणि पायवाटेच्या मधोमध एक मोर, जो बाजूला होण्याच्या मनःस्थितीत नव्हता. व्हरांड्यात वेताच्या खुर्च्या होत्या. भिंतीवर माजी अध्यक्षांच्या नावांच्या पाट्या सोनेरी अक्षरांत. युद्धातल्या हुतात्म्यांची असावीत तशी ती नावं कोरली होती. मी चहा घेऊन तिथे बसलो.

खेळ सुरू करायची जागा व्हरांड्यापासून फार लांब नव्हती. दोन्ही जपानी पाहुण्यांनी चेंडू मारले, नीटनेटके. साहेबांनी मारला, तोही बरा गेला. मग माझा मित्र पुढे झाला. क्लब हातात घेतला. वाकला. सरळ झाला. आणि साहेबांकडे वळला.

त्याचं बोलणं मला स्वच्छ ऐकू आलं, कारण तो कारखान्यात बोलतो त्या आवाजात बोलला. "सर, मुझे गोल्फ नहीं आता. कभी नहीं आता था. तीन हफ्ते से सीख रहा हूं, अभी तक नहीं आया. उस दिन मना करना चाहिए था."

इतक्या वर्षांत त्याच्या तोंडून हे वाक्य मी कोणत्याच भाषेत ऐकलं नव्हतं. मी कप खाली ठेवला.

पाहुण्यांना हिंदी कळत नव्हती, ते विनयाने आकाशाकडे पाहू लागले. मग साहेब म्हणाले, "अच्छा," आणि इलेक्ट्रिक गाडीकडे बोट केलं. मित्र जाऊन तिच्या स्टिअरिंगवर बसला, साहेब शेजारी, आणि गाडी हिरवळीवरून वळणापलीकडे दिसेनाशी झाली.

साडेचार तास मी व्हरांड्यात होतो. तीन वर्तमानपत्रं वाचली, त्यातलं एक दोनदा. वहिनींचा फोन आला. "भावजी, काय झालं?" मी म्हटलं, "चाललंय." "नीट चाललंय?" मी म्हटलं, "गाडी नीट चाललीय." त्यांना ते कळलं नाही आणि मी समजावलं नाही. फोन ठेवण्याआधी त्या म्हणाल्या, "ती सकाळपासून पुस्तक उघडून बसलीय, एक पान उलटलेलं नाही."

तो परत आला तेव्हा नाक उन्हाने लाल झालं होतं. तो गाडीत येऊन बसला. मी चावी फिरवली.

"काय झालं?"

"काही नाही. गाडी चालवली."

"साहेब काय म्हणाले?"

"डावीकडे घ्या म्हणाले. मग उजवीकडे घ्या म्हणाले."

"आणि अर्जाचं?"

"तो विषय नाही निघाला. जपान्यांनी गेल्या वर्षीच्या ब्रेकच्या तक्रारीबद्दल विचारलं, ते मी सांगितलं. चुकलं होतं ते चुकलं होतं म्हणून सांगितलं." त्याने टोपी काढून मांडीवर ठेवली. "बाराव्या भोकापाशी, अठरा असतात तिथे, एका जपान्याने त्याचा क्लब माझ्या हातात दिला. मार म्हणाला खुणेने."

"मग?"

"मारला."

"कंबर?"

"आधी गेली," तो म्हणाला, आणि तीन आठवड्यांत पहिल्यांदा हसला. "अरे, मला कळलं, शप्पथ. खांदा मागे थांबला होता. नुसता टक् असा आवाज. चेंडू इतका सरळ गेला की मलाच वाटलं दुसऱ्या कुणाचा आहे."

"साहेबांनी बघितला?"

"नाही. फोनवर होते. जपानी बूट बांधत होता."

घरी पोचलो तेव्हा मुलगी दारातच उभी होती. त्याने तिला आधी तो फटका करून दाखवला, जिन्याच्या कठड्यापाशी, हातात काही नसताना. तिने टाळ्या वाजवल्या. मग तो म्हणाला, "अर्जाचं काही माहीत नाही गं. मी त्यांना खरं सांगून टाकलं."

"ठीक आहे ना," ती म्हणाली. "जायचं तर जाऊ. मी आता मोठी आहे, डबा कुठेही खाईन." वहिनी आत वळल्या आणि कुकर लावला, बहुधा दुसऱ्यांदा.

पुढचे अकरा दिवस अर्जाचं उत्तर आलं नाही. त्याने पुण्यातल्या दोन कॉलेजांना फोन केले. सोसायटीच्या फाटकाबाहेर सामान हलवणाऱ्यांचा नंबर रंगवलेला आहे, तोही लिहून घेतला. सरावाला तो पुन्हा गेला नाही, पण सुभेदारजींना मिठाईचा डबा नेऊन दिला आणि बाराव्या भोकाच्या फटक्याची हकीकत सांगितली. त्यांनी ती उभ्याने ऐकली, मध्ये दोन विमानं जाऊ देऊन.

बाराव्या दिवशी पत्र आलं. मुदतवाढ मार्चअखेरपर्यंत मंजूर होती, फ्लॅटसह. त्याने ते गाडीत तीनदा वाचलं, मग तपासायला मला दिलं, कारण असल्या पत्रांची भाषा मला कळते. पत्र एका परिच्छेदाचं होतं. मंजुरीचं कारण शेवटच्या ओळीत दिलेलं होतं: या पदासाठी योग्य उमेदवार अद्याप मिळालेला नाही.